शेवाळातील अळंबी

चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर श्रावणात ढगच उतरून येतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीचा हा मुलूख. उन्हाळ्यात तापून काळे पडलेले तटाचे दगड तेव्हा हिरव्यागार शेवाळाने झाकून जातात. तेथे मी मुलांना बोटाच्या पेराएवढी, मधाच्या रंगाची एक अळंबी दाखवली. टोपी घंटेसारखी, दांडा दोऱ्याइतका बारीक. गावात हिला कुत्र्याची छत्री म्हणतात. नाव काही तिला शोभत नाही!

“गुरुजी, ही खातात का?” म्हणत एका मुलाने हात पुढे केला. कोरकू वाटाड्याने तो हात हळूच धरला. “पक्क्या ओळखीची असेल तीच खावी, बाबू.” त्याचे बोलणे रास्त होते. अशा इवल्या अळंब्यांपैकी काहींत प्राणघातक विष असते. ते शिजवूनही जात नाही, आणि त्याची बाधा कित्येक तासांनी जाणवते. तोवर विषाने आपले काम सुरू केलेले असते.

मग आम्ही गुडघे टेकून ती नुसतीच न्याहाळली. अळंबीत हरितद्रव्य नसते. उन्हाच्या साहाय्याने ती अन्न तयार करू शकत नाही. आपल्याला दिसते ते केवळ तिचे फळ. तिचे खरे शरीर म्हणजे तळच्या कुजक्या शेवाळात व पाल्यात पसरलेले सूक्ष्म तंतू. टोपीखालच्या पापुद्र्यांतून धुळीहून बारीक बीजाणू वाऱ्यावर जातात. थोड्याच दिवसांत टोपी गळून जाते. तंतू मात्र ओल असेपर्यंत शेवाळाखाली वाढतच राहतात.