माहेरची पेठ, सासरची पेठ

माझं माहेर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आणि सासर शिवाजी पेठेत. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, कारण एका घरातून दुसऱ्या घरी चालत जाता येतं. फुटबॉल बघणाऱ्या कोल्हापूरकराला मात्र पुढचं सांगावं लागत नाही. माझा धाकटा भाऊ माहेरच्या तालमीकडून डिफेन्सला खेळायचा आणि माझे धाकटे दीर सासरच्या तालमीचे फॉरवर्ड होते. दोन्ही संघ समोरासमोर आले की माझ्या दिराला अडवणं हेच माझ्या भावाचं काम.

आमच्याकडचे बरेच संघ तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं मुळात तालमींची. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठेपेठेत तालमी नांदल्या आणि त्याच तालमींच्या पोरांनी पुढं फुटबॉलही उचलला. तालमीचा गणपती बसवणारी, गल्लीतल्या लग्नात पंगतीला वाढणारी आणि शाहू स्टेडियमवर जर्सी घालून उतरणारी पोरं तीच असतात. म्हणून संघ हरला की दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे खेळाडूच्या आईला विचारतात, "काल काय झालं वो?"

आमची आई कधी स्टेडियमवर गेली नाही, पण एकही सामना तिनं सोडला नाही. आमच्या घरापर्यंत स्टेडियमचा आवाज येतो आणि त्या आवाजावरून तिला खेळ कळायचा. आवाज चढत जाऊन मध्येच खाली बसला की ती म्हणायची, "चुकला." चढलेला आवाज फुटला आणि फुटलेलाच राहिला की गोल. गोल कुणाचा, हे त्यावरून कळत नसे. त्यासाठी गल्लीत फटाके वाजतात का, हे बघावं लागे. तेवढ्या वेळात आई हातातली भाकरी तशीच धरून उभी राहायची. फटाके वाजले की भाकरी तव्यावर पडायची. नाही वाजले तरी पडायची, पण मग पुढं बराच वेळ ती कुणाशी बोलायची नाही.

भाऊ उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. पहाटे सराव, मग अंघोळ, डबा आणि दिवसभर मशीनसमोर उभं राहणं. सामन्याच्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा, तीही पगारातून कापून. फुटबॉलमधून घर चालेल अशी आशा आमच्याकडे कुणाला नव्हती. तरी घरातलं चांगलंचुंगलं आधी त्याच्या ताटात पडायचं. सामना चारला असला तर आई त्याला अकराच्या आत मऊ भात आणि वरण वाढायची, आणि वडील जेवण होईपर्यंत त्याच्याशी एक शब्दही बोलायचे नाहीत. ते स्वतः तरुणपणी तालमीकडून खेळलेले. पोटात गोळा आलेला असताना कुणी उपदेश केला की काय होतं, ते त्यांना माहीत होतं.

2017 साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. एका रिक्षाचालकाचा मुलगा दिल्लीच्या मैदानावर देशासाठी खेळत होता. अमेरिका, कोलंबिया आणि घाना, तिन्ही सामने भारत हरला, पण आमच्या गल्लीत त्या दिवसांत हरल्याची भाषा नव्हती. वडील टीव्हीसमोर बसून म्हणाले, "ह्याच्या बापानं किती फेऱ्या मारल्या असतील, तेवढं आधी बघा." मुलाच्या खेळामागं घर किती झिजतं, हे दुसऱ्या खेळाडूच्या घरालाच दिसतं.

सासरी आले तेव्हा तिथंही तेच घर, तेच वरण-भात. फक्त जर्सीचा रंग वेगळा. भाऊजींचा सराव गांधी मैदानावर असायचा. पावसाळ्यात त्या मैदानाचं तळं होतं, त्यामुळं पाणी ओसरेपर्यंत त्यांची नुसती चिडचिड. दोन्ही तालमींचा सामना लागला की आमच्या घरात आदल्या रात्रीपासून शांतता. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "आज तू माहेरची. सामना झाला की परत आमची हो." त्यांनी ते इतक्या सरळपणे सांगितलं की माझ्या मनावरचं ओझंच उतरलं. पुढं प्रत्येक वेळी त्या मला तसंच सांगत राहिल्या.

ज्या सामन्याबद्दल मला लिहायचं आहे, तो मी नवऱ्याबरोबर स्टेडियममध्ये बसून पाहिला. गॅलरी गच्च भरलेली, हलगी घुमत होती. आम्ही सासरच्या पेठेच्या बाजूला बसलो होतो. भावानं भाऊजींच्या पायातून एक चेंडू स्वच्छ काढून घेतला आणि आमच्या मागून शिव्या सुरू झाल्या. त्या भावाला नव्हत्या, त्याच्या आईला होत्या. मी मागं वळून पाहिलं. शिव्या देणाऱ्यांत आमच्या गल्लीतला एक मुलगा होता. रोज दारात "वैनी, दादा हाय का?" म्हणून हाक मारणारा, दिवाळीत आमच्या घरी फराळ करणारा. माझी नजर त्याच्या नजरेला भिडली आणि तो गप्प झाला. बाकीचे चालूच राहिले, कारण त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं.

उत्तरार्धात उंच आलेल्या एका चेंडूसाठी दोघंही उडाले. भाऊ खाली आला तो वाकड्या पायावर. पंचांची शिट्टी वाजायच्या आत भाऊजींनी दोन्ही हात वर करून बाहेर बसलेल्यांना बोलावलं. आमच्या बाजूचे काही लोक ओरडत होते, "नाटक करतोय, उठवा त्याला!" भाऊजी गॅलरीकडं वळले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. स्वतःच्याच समर्थकांना, भर सामन्यात. मग ते भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसले. घरी आईला आवाज अचानक थांबलेला ऐकू आला होता. असा थांबलेला आवाज तिनं कधी ऐकला नव्हता. फोन लागायच्या आधीच ती चप्पल घालून दारात उभी होती.

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, आणि त्यानंतर कित्येक महिने व्यायाम. लेथवर उभं राहायचं काम, त्यामुळं रोजगार त्याच दिवशी बंद. मालकानं दुसरा माणूस ठेवला. सुरुवातीला बघायला येणाऱ्यांची रीघ लागली, मोठमोठे शब्द मिळाले. पैसे भरायची वेळ आली तेव्हा ते शब्द देणारे फारसे दिसले नाहीत. चषक स्पर्धांत बक्षिसांच्या रकमा मोठ्या असतात, फ्लेक्सवर फोटो त्याहून मोठे. पण मोडलेल्या गुडघ्याचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. आईच्या पाटल्या गेल्या आणि ऑपरेशन झालं.

खरे उभे राहिले ते मित्र. सोबत खेळणाऱ्या पोरांनी आपसांत पैसे काढले, कुणी पगारातून, कुणी घरातून मागून. रात्री दवाखान्यात झोपायच्या पाळ्या त्यांनी ठरवल्या. आणि फिजिओथेरपीला त्याला गाडीवर मागं बसवून न्यायचे ते माझे दीर. शिवाजी पेठेचा फॉरवर्ड रोज मंगळवार पेठेत येऊन उभा राहतो, हे पहिल्यांदा गल्लीतल्या लोकांना बघवेना. एकानं आईला विचारलंच, "ह्यो कशाला येतोय?" आई म्हणाली, "माझ्या पोराला घेऊन जायला." त्यानंतर कुणी विचारलं नाही. पुढं पुढं तर भाऊजी आले की शेजारच्या काकी त्यांना चहा आणून देऊ लागल्या.

भाऊ बरा होत आला तेव्हा 2020 चा मार्च उजाडला. टाळेबंदी लागली आणि स्टेडियम बंद पडलं. संध्याकाळी घरात बसलं की आवाज नाही, हलगी नाही, फटाके नाहीत. आई म्हणायची, "नुसतं ओरडले तरी चालंल, पण पोरं खेळू देत." ज्या खेळानं तिच्या पाटल्या नेल्या, त्याच खेळासाठी ती असं म्हणत होती. खेळाडूच्या घराला फुटबॉल म्हणजे काय, हे मला याहून नेमकं सांगता येणार नाही. त्या घराला खेळाची भीती वाटते आणि त्या खेळाशिवाय करमतही नाही.

भाऊ पुन्हा मैदानात उतरला, पण पूर्वीची उडी राहिली नाही. आता तो लहान पोरांना शिकवतो, आणि त्याच्याकडं येणाऱ्यांत माझ्या दिराचा मुलगाही आहे. पोरगं अजून कुठल्याच तालमीचं नाही. दोन्ही घरं त्याच्यावर हक्क सांगतात.

तो मोठा होऊन शाहू स्टेडियमवर उतरेल तेव्हा दोन गोष्टी बदललेल्या असाव्यात, एवढंच माझं मागणं आहे. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूची नोंदणी होते, त्याच वेळी प्रत्येकाचा दुखापतीचा विमा उतरवा. बक्षिसाच्या रकमेतून, प्रायोजकांकडून, तिकिटातून, कसाही. आणि गॅलरीतून ओरडताना आपल्या संघासाठी घसा फाटेपर्यंत ओरडा, समोरच्याला हरवा, हिणवाही, पण त्याच्या आईला मध्ये आणू नका. ती जवळच राहते आणि तिला सगळं ऐकू येतं.