फौजदार

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, त्यानंतर एकदा मुलांसह ते पाहण्याचा योग आला. आणि तेथील वैभव पाहून आपल्याही घरी माशांची पेटी असावी असा मुलांनी हट्ट धरला, तेव्हा बाजारातील परदेशी मासे विकत न घेता आपल्या परिसरातील पऱ्ह्यांत, म्हणजे लहान ओढ्यांत, नांदणारे जीवच तीत पाळावेत, असे मी ठरवले. त्या वेळी मी देवरुखच्या मामलेदार कचेरीत होतो. गावातील लोहाराकडून लोखंडी चौकट घडवून घेतली, तिच्यात काचा बसवल्या आणि तळाशी पऱ्ह्यातलीच रेती, गोटे व शेवाळ घातले.

मासे आणावयाचे ते वैशाखातच, असा माझा दंडक होता. मृगाचा पाऊस कोसळला की मासे प्रवाहाविरुद्ध चढून भाताच्या खाचरांपर्यंत येतात. परंतु ही चढणीची मासळी अंड्यांनी भरलेली असते, आणि तिला त्या वेळी धरणे म्हणजे पुढील सालाची बेगमी आधीच उधळून टाकणे होय. उलट वैशाखात पऱ्ह्या आटून त्याची लहान लहान डबकी उरतात, आणि त्यांतील दांडवण, खवली यांसारखे कित्येक जीव उन्हाने किंवा बगळ्याच्या चोचीने मरणारच असतात. अशाच एका डबक्यात, गोट्याखाली, बोटाएवढा एक मासा आम्हांस सापडला.

मरळीच्या कुळातील या लहान माशास आमच्या भागात डोक म्हणत. फ्रान्सिस हॅमिल्टन या विद्वानाने गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. अंग तपकिरी, पण पाठीच्या व शेपटीच्या परांना नारिंगी किनार, आणि छातीचे पर पंख्यासारखे पसरले की त्यांवर गडद पट्टे उमटत. या माशास केवळ कल्ल्यांवर जगता येत नाही; डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा साठवण्याची पोकळी असते, आणि वरचेवर पृष्ठभागी येऊन हवेचा घोट घेतल्यावाचून तो चक्क बुडून मरतो. म्हणून पेटी काठोकाठ न भरता वर चार बोटे जागा ठेवावी लागे. शिवाय पाऊस पडू लागला की ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे पाणी गाठण्याची या जातीची प्रवृत्ती असल्यामुळे झाकणाचा बंदोबस्तही पक्का करावा लागे.

रोज सकाळी तो पेटीच्या चारही बाजूंनी संथपणे फेरी घाली, गोट्यांमागे डोकावून पाही आणि मग आपल्या खापराच्या तुकड्याखाली जाऊन बसे. यावरून मुलांनी त्याचे नाव फौजदार ठेवले. गांडुळे आणि नाकतोडे हा त्याचा आवडता आहार. आपल्याहून लहान मासा तो गिळून टाकी, म्हणून त्याच्या सोबतीला आकाराने बरोबरीचेच मासे ठेवणे भाग होते. माझी पावले ओळखून तो काचेपाशी येई, परक्या माणसाची चाहूल लागताच खापराआड जाई. बाजारातून आणलेल्या माशांत रंग पुष्कळ पाहिले, परंतु असा स्वभाव क्वचितच.

पुढे त्याच पऱ्ह्यातून एक मादी आणली. श्रावणात दोघांची जोडी जमली, आणि पाण्यावर तरंगू लागलेली अंडी फौजदाराने एकेक करून तोंडात भरून घेतली. त्यानंतर त्याचा गळा फुगलेला दिसे. समोर टाकलेल्या गांडुळाकडे तो पाहीही, पण तोंड उघडीत नसे. अपत्यांसाठी अन्न वर्ज्य करणारा हा पिता दिवसेंदिवस कृश होत गेला आणि अखेर एके सकाळी त्याच्या मुखातून काळसर पिल्लांचा थवा बाहेर पडला, तेव्हा घरातील वडील मंडळीही काचेपाशी येऊन उभी राहिली. वात्सल्य ही केवळ मातेची मिरास नव्हे, हे त्या क्षुद्र मानल्या गेलेल्या जीवाने आमच्या मुलांना शिकवले.

पिल्ले जरा मोठी झाल्यावर आम्ही ती त्याच पऱ्ह्याच्या त्याच कोंडीत नेऊन सोडली. पेटीत दुसऱ्या मुलखातला एकही मासा नव्हता, म्हणूनच हे करता आले. फौजदार त्यानंतर काही वर्षे जगला आणि म्हातारपणी शांतपणे गेला.

आज ज्यांना असा छंद करावयाचा आहे त्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या गावच्या पाण्यातले मोजकेच मासे, आटत्या डबक्यातून, हलक्या हाताने उचला. चढणीच्या मासळीस हात लावू नका. आणि बाजारचा मासा कंटाळा आला म्हणून ओढ्यात मुळीच सोडू नका. १९५२ साली या देशात आणलेली तिलापी पुढे आपल्या नद्या-तळ्यांत कशी माजली आणि तिने मूळच्या रहिवाशांची जागा कशी बळकावली, हे आपल्यासमोर आहे. ओढ्याचे हे धन ओढ्यात शिल्लक राहील, तरच त्यातला एखादा जीव घरी आणून पाळण्याचा अधिकार आपल्याला आहे.