विकला, विकून टाकला, विकून बसला

मराठी क्रियापदाला ‘ऊन’ लागले आणि त्यामागे टाक, घे, दे, ठेव, बस यांतले एखादे आले, की कामासोबत करणाऱ्याचे मनही उघडे पडते. व्याकरणात हे संयुक्त क्रियापद. मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) त्याचा ऊहापोह आहे. ‘पावती फाडून टोपलीत टाकली’ यात मात्र ते नाही, तिथले टाकणे खरेखुरे. ‘पावती फाडून टाकली’ यात आहे. कपटे कुठे का पडेनात.

उदाहरणाला तेलंगणातले आदिलाबाद घेऊ. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर मराठी आहेच, आणि कापूसही. कापूस ‘विकला’ ही नुसती बातमी. ‘विकून टाकला’ म्हणजे कटकट मिटली, भाव मिळाला तो मिळाला. ‘विकून घेतला’ यात पावसाआधी उरकल्याची हुशारी. ‘विकून दिला’ म्हणजे माल दुसऱ्याचा, खटपट आपली. आणि ‘विकून बसला’? सौदा झाला न् दुसऱ्या दिवशी भाव चढला. ‘बस’ला आनंदाचे वावडेच आहे. पैसे गमावून बसता येते. बक्षीस मिळवून कोणी बसत नाही.

फसवी जोडी घे आणि टाक यांची. ‘दोन घास खाऊन घे’ म्हणणाऱ्याला खाणाऱ्याची काळजी, ‘भात खाऊन टाक’ म्हणणाऱ्याला पातेल्याची. पाहुण्याला ‘खाऊन टाका’ म्हणणारा व्याकरणात पास, यजमानकीत नापास.

घरी तेलुगू बोलणाऱ्याला ही रीत नवी नाही. ‘चेसुको’ म्हणजे करून घे, ‘चेसेय्’ म्हणजे करून टाक, ‘चेसि चूडु’ म्हणजे करून पाहा. भाषांची कुळे वेगळी, वळण एक. पाय घसरतो तो ‘चेसिपेट्टु’पाशी. ‘पेट्टु’ म्हणजे ठेव, पण जोडीचा अर्थ करून दे. शब्दाला शब्द लावून ‘चहा करून ठेव’ म्हटले, तर चहा होईल खरा, पण कपात न येता झाकणाखाली राहील.

नकारात यांतली बरीच गळतात. ‘विकून टाकला नाही’ कानाला खटकते, तिथे ‘विकला नाही’ पुरते. ‘दे’ मात्र टिकते: ‘विकून दिला नाही’ ही रीतसर तक्रार. मनाई करताना किंवा बजावताना ‘टाक’ आणि ‘बस’ही परततात: ‘घाईने विकून टाकू नको’, ‘विकून बसशील हं!’