निद्रिताचा पहारेकरी

देहाच्या सर्व अवयवांत मेंदू मोठा खर्चिक आहे. वजनानें तो देहाचा अवघा शेंकडा २ भाग. परंतु विश्रांतीच्या वेळींही देहाला लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें शेंकडा २० भाग तो एकटाच घेतो. बरें, उद्यांसाठीं कांहीं गांठीस बांधावें, ही दूरदृष्टि त्याच्या ठायीं नाहीं. पुरवठा सर्वस्वीं तुटला तर थोड्याच मिनिटांत त्याची कायमची हानि होऊं लागते.

माझ्या मावशीच्या मेंदूंतील गांठ काढावयाचें ठरलें, तेव्हां या गोष्टीचें मला खरें भय वाटलें. जागा मनुष्य ‘जीव घाबरतो’ असें तरी म्हणूं शकतो. भूल दिलेल्याचा मेंदू गुदमरूं लागला, तर तो कोणास सांगणार? भूल देणाऱ्या डॉक्टरांना मीं हेंच भीत भीत विचारलें.

त्यांनीं शांतपणें समजावून दिलें. बोटाला लावलेला चिमटा रक्तांत प्राणवायु किती आहे तें सांगतो. पण मेंदूला तो पुरतो कीं नाहीं, हें त्यास कळत नाहीं. म्हणून कपाळावर दोन पट्ट्या चिकटवितात. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश त्यांतून निघून हाडापलीकडे जातो व कांहीं अंशीं परत येतो. प्राणवायुयुक्त रक्त व प्राणवायु गमावलेलें रक्त हीं तो प्रकाश निरनिराळ्या प्रमाणांत शोषितात. त्या भेदावरून यंत्र आंकडा दाखवितें. अमेरिकेंत फ्रान्स योब्सिस या शास्त्रज्ञानें १९७७ सालीं या युक्तीचा पाया घातला. मात्र पट्टीला कपाळामागचा थोडासाच भाग कळतो; आणि छेद तेथेंच घ्यावयाचा असेल तर ती लावतां येत नाहीं. अशा वेळीं मानेंतील मोठ्या शिरेंत बारीक नळी सारून मेंदूकडून परतणारें रक्त तपासतां येतें. ताटांत काय उरलें यावरून वाढलेलें पुरलें कीं नाहीं हें ओळखावें, तसेंच हें!

भूल देण्यापूर्वींचा आंकडा टिपून ठेवितात. पुढें तो बराच घसरला तर मान वळून शीर दाबली गेली काय, रक्तदाब उतरला काय, हें पाहतात. यंत्रानें श्वास फार जलद दिला तरीही रक्तांतील कर्बाम्लवायु घटून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. अधिक वारा म्हणजे अधिक जीवन, असें नव्हे!

मावशी बरी होऊन घरीं आली. गांठ काढणाऱ्या डॉक्टरांचें नांव ती नित्य कृतज्ञतेनें घेते. परंतु पांच तास त्या आंकड्यावरून दृष्टि न काढणाऱ्याचें नांव तिला ठाऊक नाहीं. तें मीं तिला सांगितलें. बालमित्रहो, आपण निजलों असतां आपल्यासाठीं जागणारे पुष्कळ असतात. त्यांचीं नांवें विचारून घ्यावींत.