मामा, शटडाउन नको, रीस्टार्ट!

आयटीत नोकरी लागली की पहिल्या पगाराच्या आधी एक गोष्ट नक्की सुरू होते. गावाकडचे फोन! तुम्ही हिंजवडीत कोड लिहिता की टेस्टिंग करता, याच्याशी तिकडं कुणाला घेणंदेणं नसतं. ‘तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना, मग सांग,’ एवढंच. माझे असे बहुतेक फोन पिंपळनेरहून येतात. साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं हे माझं आजोळ. मामांचं तिथं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखले, अर्ज... सगळा कारभार एका कॉम्प्युटरवर.

२०२४ च्या जुलैतला फोन मात्र नेहमीचा नव्हता. पीक विम्याचे दिवस. त्या वर्षी शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा आणि अर्ज ऑनलाइन करायचा, अशी योजना होती. मुदत संपत आलेली, बाहेर बाकड्यावर माणसं बसलेली आणि मामांचा कॉम्प्युटर रोज सकाळी नेटशिवाय सुरू होणारा. अर्ज राहिला आणि पुढं पावसानं दगा दिला, तर भरपाई मागायची कुठं? ‘नेटवाला म्हणतो लाइन चांगली, दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला,’ मामा वैतागले होते.

फोनवरून दुरुस्ती करायची तर नियम सोपा आहे. बाहेरून आत यायचं आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची. केबल, मग कार्ड, मग सॉफ्टवेअर.

‘मामा, मागं नेटची केबल लावतात तिथं लाइट दिसतो का?’

‘कॉम्प्युटर बंद असला का दिसतो. चालू केला का जातो!’

अर्धं उत्तर इथंच मिळालं. कॉम्प्युटर बंद असला, तरी प्लग चालू असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते. त्यावर बरीच नेटवर्क कार्डं अर्धवट जागी असतात. म्हणजे केबल ठीक, राउटर ठीक आणि कार्डही मेलेलं नाही. गडबड होते ती कॉम्प्युटर सुरू होताना. डिव्हाइस मॅनेजर उघडायला लावलं, तर कार्डाच्या नावापुढं पिवळं उद्गारचिन्ह आणि ‘कोड १०’. हे डिव्हाइस सुरू होऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ.

म्हटलं, आता रीस्टार्ट करा. दोन मिनिटांनी पलीकडून आवाज आला, ‘उना रे भाचा, हिरवा लाइट उना!’ बाकडं हलायला लागलं.

पण रात्री शटडाउन केलं आणि सकाळी पुन्हा तेच. का बरं? तर २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हर्सची स्थिती डिस्कवर साठवते आणि सकाळी तीच उचलते. मशीन लवकर सुरू होतं, पण सगळं नव्यानं सुरू होत नाही. मामांच्या कार्डाच्या जुन्या ड्रायव्हरला हे झेपत नव्हतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून बंद करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं या दोन वेगळ्या गोष्टी!

पक्का उपाय असा. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथं पॉवर बटणाची सेटिंग्ज, आणि फास्ट स्टार्टअपपुढची टिक काढायची. घाईत असाल तर शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउन करा. कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू द्या’ असं असतं, तीही टिक काढा. मग नवा ड्रायव्हर टाका. एवढं करूनही कार्ड उठलं नाही, तर खर्चाचं बोला.

लाइट गेल्यावर होणारा घोळ वेगळा. वीज परत आली की कधी कॉम्प्युटर आधी उठतो आणि राउटर मागून. राउटरनं पत्ता दिला नाही, तर विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता घेते. तो आकडा दिसला तर कार्ड चालू आहे, राउटरची वाट बघा.

मदरबोर्डचा खर्च वाचला, हे बरंच झालं. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे बाकड्यावरचे अर्ज मुदतीत गेले. पुढच्या सुट्टीत गावी जाल, तेव्हा ती टिक तुम्हीच काढा आणि का काढली, ते शेजारी बसून सांगा. आपल्या फोनला रेंज नसेल, त्या दिवशी कुणाचं काम अडू नये.