पिवळ्या दिव्याचा माग

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये मुंबई-पुण्याला वापरून झालेल्या महागड्या गाड्या येतात. नवी असताना डोळे दिपवणारी सेडान दहा वर्षांनी साध्या हॅचबॅकच्या पैशांत मिळते. मालक हौसेनं घेतो आणि थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. कुणीतरी स्कॅनर लावून तो घालवतो, चार दिवसांनी तो परत येतो. मग गाडी माझ्याकडे येते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठला सेन्सर गेलाय?"

माझं सगळं काम या प्रश्नाच्या उलट दिशेनं चालतं. सेन्सर काहीतरी सांगतोय, तर तसं सांगायला त्याला कशानं भाग पाडलं, हे मला शोधायचं असतं.

हा दिवा मुळात धुरासाठी आहे. गाडीनं स्वतःचे दोष स्वतःच तपासण्याची ओबीडी-२ ही पद्धत अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सक्तीची झाली, आपल्याकडे एप्रिल २०१३पासून. प्रदूषण वाढवणारा दोष दिसला की इंजिनचा संगणक कोड नोंदवतो. बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. त्या क्षणाचा वेग, इंजिनचं तापमान आणि लोडही संगणक साठवून ठेवतो. कोड पुसण्याआधी ही नोंद वाचायलाच हवी. ती पुसली की मागाची पहिली खूण गेली. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी रेटू नये, कारण तेव्हा इंजिनात पेट्रोल नीट जळत नसतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग वितळवतं.

एक सुपरचार्जरवाली जर्मन सेडान आली होती. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. पुढचा-मागचा ऑक्सिजन सेन्सर आधीच नवा बसवलेला, तरी दिवा कायम.

अशा वेळी मी फ्युएल ट्रिम बघतो. ठरलेल्या मापापेक्षा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय वा कमी करतोय, ते त्यात दिसतं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी नाही. इथं आकडा वीसच्या वर होता. इंजिन कुठल्या तरी गळतीतून चोरटी हवा ओढत असेल, तर हा आकडा आयडलिंगला मोठा असतो आणि रेस केल्यावर उतरतो, कारण आत जाणाऱ्या एकूण हवेत चोरट्या हवेचा वाटा घटतो. इंधनाचा पंप कमजोर असेल, तर चढावर वाढतो. गाडी पन्हाळ्याच्या चढाला नेली. आयडलिंग असो वा चढ, आकडा जवळपास तोच. इनटेकमध्ये धूर सोडून पाहिला, कुठूनही बाहेर आला नाही.

मग प्लग काढले, तर त्यांवर काळी काजळी. पेट्रोल कमी म्हणून तक्रार, आणि प्लगवर पेट्रोल जास्त झाल्याची खूण! दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत. अशी विसंगती हाती लागली की मला हुरूप येतो, कारण उत्तर तिच्या आसपासच असतं.

बॉशनं १९७६ साली बाजारात आणलेला लॅम्डा सेन्सर, म्हणजेच ऑक्सिजन सेन्सर, तुलनेवर चालतो. झिर्कोनियाच्या एका अंगाला इंजिनचा धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची स्वच्छ हवा. दोन्हींतल्या ऑक्सिजनच्या फरकातून साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट तयार होतात. बऱ्याच सेन्सरमध्ये ही बाहेरची हवा वायरच्या आवरणातूनच आत येते. त्या वाटेत अडथळा आला की व्होल्टेज पडतं, संगणकाला पेट्रोल कमी वाटतं आणि तो उगाच वाढवत राहतो.

सेन्सरचा कपलर उघडला. आत इंजिन ऑइल. ते तिथं पोचलं कसं? इंजिनच्या पुढच्या बाजूला कॅमशाफ्टचं टायमिंग बदलणारा मॅग्नेट असतो. त्याचं सील गेलं होतं. तेल त्याच्या कपलरमध्ये शिरलं आणि वातीत तेल चढतं तसं तांब्याच्या तारांमधून सगळ्या वायरिंगभर चढत गेलं. नवा सेन्सर लावला की काही दिवसांत तोही तेलात. मॅग्नेट बदलला, तेलकट वायरिंग काढून टाकलं, कपलर धुतले, सेन्सर नवा लावला.

दिवा विझला म्हणून मी चावी देत नाही. कोड पुसताना संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात. त्या रस्त्यावर पुन्हा पूर्ण व्हाव्या लागतात आणि ट्रिम जागेवर टिकावं लागतं. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. इग्निशन ऑन केल्यावर दिवा लागलाच पाहिजे, इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. स्कॅनरवर सगळ्या चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढलीय. तसं असेल तर व्यवहार थांबवा, गाडी नीट चालवून पुन्हा तपासा.

आपल्याकडे पार्टचे पैसे लोक बिनतक्रार देतात. तपासाची मजुरी सांगितली की कपाळावर आठ्या पडतात. त्या सेडानच्या मालकानं सेन्सरवर केलेला आधीचा खर्च तपासाच्या मजुरीपेक्षा कितीतरी जास्त होता. मेकॅनिककडे वेळ मागा आणि त्या वेळेचे पैसे द्या. महागडी जुनी गाडी परवडण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.