केंद्राचं नाव

भोपाळच्या साकेत नगरात आता गच्चीवर अँटेनाचे पाईप फारसे दिसत नाहीत. पाण्याच्या काळ्या टाक्या, सौर पॅनेलं आणि गंजलेल्या डिश एवढंच उरलं आहे. आमच्या गच्चीवर मात्र एक लोखंडी पाईप अजून उभा आहे. त्याच्या टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्यांचा यागी अँटेना, आणि तो हातानं फिरवता यावा म्हणून खाली एक मूठ. एका अंगाला एम्सच्या इमारती, दुसऱ्या अंगाला बरकतउल्ला विद्यापीठ, आणि दक्षिणेला, इथून न दिसणारा, सातपुडा. इथं ऐकू येण्याचं काही कारण नसलेली केंद्रं मी या पाईपाच्या जोरावर ऐकत आलो आहे.

कारण नाही असं म्हणतो, त्याला आधार आहे. एफएम रेडिओ आणि जुना दूरदर्शन ज्या व्हीएचएफ लहरींवर चालले त्या जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. शंभर मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली लहर पृथ्वीच्या गोलाईमुळे चाळीसेक किलोमीटरांवर जमिनीला टेकते. तुम्ही गच्चीवर असाल तर आणखी दहा-बारा किलोमीटर धरा. थोडंफार वाकून, घरंगळून ती अजून पुढे जाते, पण शंभराच्या पुढे आशा सोडायची. त्यापलीकडचं गाव बोलताना ऐकू आलं, तर ते हवेनं आणून दिलेलं असतं, किंवा हवेच्याही वरच्या एखाद्या थरानं. असं ऐकण्याच्या छंदाला जगभर डीएक्सिंग म्हणतात. मोठमोठ्या शहरांत त्याचे जाणते आहेत. मला तो माझ्या आईमुळे लागला.

१ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली आणि ग्वाल्हेर-इंदूरकडची कितीतरी मराठी कुटुंबं सरकारी नोकरीपाठोपाठ इथं आली. माझे वडील, नाना, ग्वाल्हेरचे, ते त्यांतलेच एक. आई वर्ध्याची. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक लाकडी मर्फी रेडिओ होता. त्याचं लायसन्स दरवर्षी पोस्टात जाऊन नवं करून आणणं हे नानांचं काम, आणि काटा कुठं ठेवायचा हे ठरवणं आईचं. भोपाळ केंद्र आमच्या राज्याच्याच वयाचं, पण ते हिंदी. आईला हवं असायचं नागपूर. १९४८पासूनचं ते केंद्र तिच्या माहेरचं. अंधार पडला की मध्यम लहरी आकाशातून परतायला लागत, खरखरीतून आवाज वर येई आणि निवेदिका म्हणे, आकाशवाणीचं हे नागपूर केंद्र आहे. आई ते ऐकल्यावरच बसायची. पुढचं कीर्तन असो की शेतकऱ्यांसाठीच्या सूचना, तिला सगळं चालायचं. केंद्रानं आधी आपलं नाव सांगितलं पाहिजे, एवढंच.

ऐकण्याची ही शिस्त मी तिच्याकडून घेतली. जगातल्या सगळ्या डीएक्सरांची शिस्त तीच आहे, हे फार पुढं कळलं. आवाज ओळखीचा वाटला, गाणं त्या भागातलं वाटलं, म्हणून वहीत नोंद होत नाही. केंद्रानं स्वतःचं नाव उच्चारलं, तरच.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घरात टीव्ही आला. कार्यक्रम संध्याकाळचे, दुपारी संच लावला तर पडद्यावर फक्त मुंग्या. एका मे महिन्यात, उन्हानं गल्ली ओस पडलेली असताना, त्या मुंग्यांमधून एक माणूस वर आला. ताणला गेलेला, तिरपा, पण बातम्या वाचणारा माणूस. खाली उर्दू अक्षरं. मी भिंतीवरून शेजारच्या चाचांना हाक मारली. भोपाळात उर्दू वाचणारा शोधायला लांब जावं लागत नाही. चाचा आले, चष्मा लावून पडद्याला नाक टेकवून त्यांनी दोन शब्द वाचले, तिसरा वाचेपर्यंत माणूस विरघळला. सरळ रेषेत लाहोर इथून साधारण हजार किलोमीटर आणि कराचीही जवळपास तेवढंच. कुठलं होतं ते आजतागायत ठरलेलं नाही, कारण नाव दिसलं नाही. वहीत त्या तारखेपुढे फक्त ‘उर्दू, बातम्या’ एवढंच लिहिलेलं आहे.

त्याचा उलगडा कॉलेजच्या ग्रंथालयात झाला. कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्रांनी १९४७ साली वरच्या वातावरणावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, तो जगभर वाचला गेला. जमिनीपासून शंभरेक किलोमीटरांवर आयनांचा एक थर असतो, त्याला ई थर म्हणतात. उल्का जळून उरलेले लोखंड-मॅग्नेशियमचे अणू तिथं विद्युतभारित होऊन तरंगत असतात आणि उलटसुलट वाहणारे वारे त्यांना दाबून पातळ, दाट पत्रे बनवतात. असा पत्रा लाहोर आणि भोपाळच्या मध्यावर जमला की तिकडची लहर त्यावर आपटून इकडं उतरते. हे बहुधा उन्हाळ्यात होतं, काही मिनिटं किंवा तासभर टिकतं, आणि एका उडीत दोन हजार किलोमीटरांपर्यंतचं अंतर कापतं. त्या हिशेबात भोपाळची जागा भाग्याची आहे. कराची, लाहोर, काठमांडू, ढाका, कोलंबो, अगदी मस्कतसुद्धा एका उडीच्या टप्प्यात येतं. आणखी वरच्या, एफ थरानं तर नोव्हेंबर १९३८मध्ये लंडनच्या बीबीसीचं चित्र अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कजवळ नेऊन पोचवलं होतं. तिथल्या अभियंत्यांनी पडद्यावर कॅमेरा रोखला, म्हणून ती धूसर दृश्यं आजही पाहता येतात.

हवेची दुसरी करामत भोपाळकराला निर्मळ मनानं सांगता येत नाही. थंडीत, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्यानं निवते. खाली गार हवा, वर तिच्याहून उबदार. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. या दोन थरांच्या सीमेवर व्हीएचएफ लहर वाकते आणि बोगद्यात शिरल्यागत शेकडो किलोमीटर जाते. पण असं झाकण लहरींसाठी वेगळं आणि विषासाठी वेगळं नसतं. २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री भोपाळवर अशीच गार, संथ हवा होती. इथल्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू हवेहून जड, आणि वर उठून विरायला त्याला वाट नव्हती. तो जमिनीला धरून जुन्या शहराच्या गल्ल्यांतून, झोपलेल्या माणसांतून सरकत गेला. आम्ही नव्या भोपाळात होतो, वाचलो. पहाटे आमच्या रस्त्यावरून डोळे बांधून चालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर कित्येक वर्षं डिसेंबरात मी रेडिओ लावला नाही. आजही वारा पडलेल्या रात्री गच्चीवर जातो तेव्हा दूरच्या केंद्राआधी ती रात्र आठवते. ती आठवू नये असं मला वाटतही नाही.

साकेत नगरात घर बांधलं तेव्हा गच्चीवर पाईपासाठी जागा सोडायला गवंड्याला सांगितलं होतं. अँटेना घरीच केला. ९८ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी तीन मीटर, म्हणून मुख्य नळी, म्हणजे डायपोल, दीड मीटरला थोडा कमी. मागं जरा लांब नळी, पुढं जरा आखूड. ऑक्टोबर २००१मध्ये इंदूरला खासगी एफएम सुरू झालं तेव्हा भोपाळात डायलवरच्या त्या जागी शांतता होती. हिवाळ्यातल्या पहाटे अँटेना पश्चिमेला वळवला की इंदूर, १७० किलोमीटरांवरचं, शेजारच्या खोलीत बोलल्यासारखं स्वच्छ येई. माळव्याचं पठार सपाट, लहरीला अडवायला मध्ये काही नाही. सूर्य वर येई, जमीन तापे, आणि आठच्या सुमारास इंदूर संपे.

मग भोपाळलाही खासगी केंद्रं आली, आणि चार प्रमुख केंद्रं आली ती इंदूरच्याच आकड्यांवर: ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३. एफएमचा स्वभाव असा की एका जागी दोन केंद्रं आली तर जे बलवान ते दुसऱ्याला पुरतं गिळतं. मध्यम लहरींसारखी दोघांची सरमिसळ ऐकू येत नाही. इंदूर माझ्यासाठी तिथं गडप झालं. नाव, गाणी, हसणं, जाहिराती, सगळं तेच, म्हणून कधी मध्येच वेगळा आवाज आला तरी तो कुठल्या शहराचा हे ती केंद्रं सांगत नव्हती. मला त्याचं खरं दुःख झालं.

उरली दक्षिण. बैतूल, छिंदवाडा ही सातपुड्यावरची आकाशवाणी केंद्रं अधूनमधून मिळत. मुलताई, पांढुर्णा, सौंसरकडं मराठी बोललं जातं, पण तिथल्या रेडिओवर हिंदीच. मराठीसाठी सातपुडा ओलांडायला हवा, आणि नागपूर सरळ रेषेत २९० किलोमीटर. मधला डोंगर बोगद्याला मोडून टाकतो. थर उंचावर जमला तरच काही पलीकडून येतं. पावसाळा संपल्यावरच्या एका पहाटे तो जमला. खरखर दबली, आणि एका पुरुषी आवाजानं नागपूरचं नाव घेतलं.

आई तेव्हा खाली झोपायची, गुडघ्यांमुळे जिना चढत नव्हती. मी केबल खिडकीतून खाली सोडून छोटा टेकसन रेडिओ तिच्या उशाशी ठेवला. तिला थर, बोगदा यांत रस नव्हता. तिनं ऐकलं, आणि विचारलं, “नागपूरला थंडी पडली का, म्हणाले का काही?” थोड्या वेळानं आवाज खचला, तर म्हणाली, “राहू दे, लावून ठेव. येईल परत.” तो परत आला नाही, पण रेडिओ आम्ही दुपारपर्यंत बंद केला नाही.

आमचं शहर आयनमंडलाच्या दृष्टीनंही विशेष आहे. विषुववृत्तावरून वर उसळलेले आयन दोन्ही बाजूंना उतरून जिथं सर्वांत दाट साठतात, त्या उत्तरेकडच्या शिखराखाली भोपाळ येतं. गच्चीवरून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरच्या विद्यापीठात त्याचा अभ्यास होत आला आहे. त्यांच्याकडे यंत्रं आहेत, माझ्याकडे वही, आकाश तेच.

आता ऐकणं अवघड झालं आहे. एलईडी दिवे, चार्जर, सौर इन्व्हर्टर, कॅमेरे, प्रत्येकाची आपली बारीक कुरकुर असते आणि ती सगळी मिळून दूरचा आवाज पुसून टाकतात. दूरदर्शनचे जुने मनोरे बहुतेक बंद झाले, त्यामुळे उन्हाळ्यातल्या त्या मुंग्याही गेल्या. दुसरीकडे २८ एप्रिल २०२३ला देशभरात आकाशवाणीचे शंभर-शंभर वॉटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. शंभर वॉट म्हणजे जुन्या काळचा एक बल्ब. इतक्या कमी ताकदीचं केंद्र शेकडो किलोमीटरांवरून ऐकायला मिळणं ही डीएक्सरासाठी केवढी मोठी गोष्ट! पण असं एखादं केंद्र पहाटे मिळतं तेव्हा बहुधा ते दुसऱ्याच शहरातला कार्यक्रम पुढं पाठवत असतं. तासभर ऐकलं तरी आपण कुठलं गाव ऐकतो आहोत हे कळत नाही. खासगी केंद्रांचं तेच. आकाशवाणी दूरच्या श्रोत्याच्या अहवालाला दिल्लीहून पोचपावतीचं कार्ड पाठवत आली आहे. पण अहवालात लिहायचं कुठल्या केंद्राचं नाव?

म्हणून माइकसमोर बसणाऱ्यांना, आणि कार्यक्रमांचं वेळापत्रक आखणाऱ्यांना, ही विनंती. कार्यक्रम कुठूनही येवो, तासाच्या ठोक्याला एकदा तुमच्या गावाचं नाव तुमच्याच प्रक्षेपकावरून, पूर्ण आणि स्पष्ट घ्या. बैतूल म्हणा, बालाघाट म्हणा, गोंदिया म्हणा. त्याला दोन सेकंद लागतात.